मेण, कात आणि तूप



लढाईतल्या शस्त्रवैद्यांविषयी बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले. मी सातवी शिकलेली बाई. तेव्हा आपल्या घाटावरची आणि आपल्याला समजेल अशी एकच हकीकत सांगते.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज, मराठे आणि निजाम मिळून टिपू सुलतानाशी लढले. इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा बैलवाला होता. नाव पारशी वाटते, पण तो शेतकरी जातीचा मराठा, असे इंग्रजीत छापले आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडले आणि नाक व एक हात कापून सोडून दिले. बारा महिने बिचारा बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीटकरी जातीच्या माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. क्रूसो नावाच्या मुंबई इलाख्यातील डॉक्टरांनी असली शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासह आली.

आता कृती ऐका. आपण पोलके बेततो ना, तसेच. आधी पातळ मेणाचे नाक करून जखमेवर बसवून पाहायचे. मग ते सपाट करून कपाळावर ठेवायचे, भोवती रेघ मारायची, आणि तेवढी कातडी सोडवायची. पण दोन भुवयांमध्ये एक पट्टी न तोडता ठेवायची, कारण रक्त तिच्यातून खेळते. आंब्याचे भेटकलम बांधताना सांधा जुळेपर्यंत फांदी आईझाडापासून तोडत नाहीत, तसे हे. मग कातडी पिळा देऊन खाली वळवायची आणि जुन्या नाकाच्या कडा ताज्या करून त्यांत बसवायची. वर काय, तर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या चिंध्यांच्या पाच-सहा घड्या! विड्यातला कात, बरे का. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी तोडायची. हे सारे भूल न देता! भुलीचे औषध १८४६ नंतरचे.

नाक कापणे ही शिक्षा तेव्हा बायकांनाही होई, आणि कारण म्हणून नुसता संशय पुरे. म्हणजे ही विद्या शिपायांइतकीच आपल्याही कामाची होती.

विद्या जुनीच. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीचे नाक सांगितले आहे. स्वारीत वैद्याचा तळ राजाच्या तंबूजवळ असावा, म्हणजे घायाळांना तो झेंड्यासारखा दुरून सापडेल, असेही त्यात आहे. आमच्या वीटकऱ्याने मात्र ग्रंथ वाचला असेल असे मला वाटत नाही. हात बसला होता त्याचा.

तो छापील मजकूर वाचून लंडनच्या कार्प्यू डॉक्टरांनी १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक याच रीतीने केले व १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पहिल्या महायुद्धात तोंडे फुटलेल्या हजारो सैनिकांवर गिलीज साहेबांनी इंग्लंडात शस्त्रक्रिया केल्या. तिथेही कातडी सोडवायची पण एक टोक जोडलेले ठेवायचे, हेच मर्म. कपाळाच्या कातडीचे नाक आजही करतात, आणि त्या रीतीला परदेशी डॉक्टर ‘हिंदुस्थानी’ म्हणतात.

कावसजीचे चित्र वेल्स साहेबाने काढले. चित्रकाराचे नाव राहिले, डॉक्टरांचे राहिले, बैलवाल्याचेही राहिले. ज्याने नाक घडवले त्याची मात्र त्या कागदात नुसती जात लिहिली आहे.