मडकें कुणाचें, नांव कुणाचें?

(गांवच्या शाळेच्या संमेलनांत तेथील शिक्षकांनीं केलेलें भाषण)



दरवर्षीं या दिवशीं मी शिक्षणाचे फायदे सांगतों आणि तुम्ही जांभया आवरीत ऐकतां. आज तें नको. आज एका गाणारणीची हकीकत सांगणार आहें. बाई आपल्या देशांतली नव्हे, अमेरिकेंतल्या काळ्या लोकांतली आहे. तिचें नांव मेलिसा एलियट. जग तिला मिसी एलियट म्हणतें. सातवींतल्या एका पोरानें मधल्या सुट्टींत मोबाईलवर तिचें गाणें लावलें होतें. मी मोबाईल काढून घ्यायला म्हणून गेलों आणि ऐकत उभा राहिलों. कारण त्या गाण्यांत पंजाबांतल्या शेतकऱ्यांच्या मेळ्यांत वाजते ती एका तारेची तुंबी वाजत होती! आपल्याकडची तुंबी तेथें कशी गेली, या कुतूहलानें मीं त्या बाईची माहिती वाचूं लागलों, आणि वाचतां वाचतां माझीच मान खालीं गेली. ती कां, तें पुढें येईल.

हें गाणें आळवून म्हणण्याचें नव्हे. त्याला रॅप म्हणतात. तालावर शब्द बोलायचे, यमक जुळवायचें, श्वास कोठें घ्यायचा तें आधींच ठरवून ठेवायचें. शाहीर पोवाड्यांत मध्येंच घाईनें कटाव म्हणतो, तो ऐकलेल्या माणसाला याची थोडी कल्पना येईल. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स नांवाच्या गरीब भागांत १९७३ च्या सुमारास ही कला उभी राहिली. दोन यंत्रांवर जुन्या तबकड्या लावून त्यांतला ढोलाचा तेवढा तुकडा पुन्हां पुन्हां वाजवीत, आणि त्यावर कोणी तरी शब्द म्हणे. बायका यांत मागाहून आल्या असें समजूं नका. १९७९ साली ज्या तबकडीमुळें रॅप देशभर पोहोंचला, ती काढणारी सिल्व्हिया रॉबिन्सन ही बाईच होती. १९८४ साली रोक्सॅन शांते नांवाच्या १४ वर्षांच्या पोरीनें पुरुषांच्या एका गाण्याला असा जबाब दिला कीं त्या सवाल-जबाबांत पुढें कितीएक तबकड्या निघाल्या.

मिसीचा जन्म १ जुलै १९७१ रोजीं व्हर्जिनिया प्रांतांतील पोर्ट्समथ या बंदराच्या शहरीं झाला. तेथून पाण्यापलीकडे पॉइंट कम्फर्ट म्हणून जागा आहे. इंग्रजांच्या त्या वसाहतींत आफ्रिकेंतून धरून आणलेलीं पहिलीं माणसें १६१९ साली तेथेंच उतरविलीं गेलीं. महात्मा जोतीरावांनीं १८७३ साली आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतल्या सज्जनांना अर्पण केलें, तें याच गुलामांना मोकळें केल्याबद्दल, हें तुम्हांपैकीं पुष्कळांना ठाऊक आहे.

मिसीचा बाप लष्करांत होता आणि घरीं बायकोला मारहाण करी. मैत्रिणीकडे रात्रीं राहायला मुलगी जात नसे. आपण परत येऊं तेव्हां आई जिवंत नसेल, ही तिला धास्ती. ती १४ वर्षांची असतां आईनें, बसमधून जरा फेरी मारून येऊं, असें म्हणून तिला बाहेर काढलें, तें कायमचेंच. सामान आधींच एका नातेवाइकाच्या घरीं गाडींत भरून ठेवलें होतें. (येथें बसलेल्या पुरुषांनीं एकमेकांकडे बघूं नये. ज्याला समजायचें त्याला समजलें आहे.)

पुढें मिसी गाणीं रचूं लागली. १९९३ साली रेव्हन-सिमोने नांवाच्या एका लहान मुलीच्या गाण्यासाठीं तिनें शब्द रचले आणि त्यांतला रॅपही स्वतःच्या तोंडानें म्हटला. मग त्या गाण्याची चित्रफीत निघाली. आवाज मिसीचा, पडद्यावर मात्र दुसरीच एक सडपातळ बाई त्या शब्दांवर ओंठ हलवीत होती! मिसी अंगानें जाड. तिचे शब्द चालले, आवाज चालला, अंग तेवढें चाललें नाहीं. ही गोष्ट मिसीनें पुढें स्वतः सांगितली आहे.

हें वाचलें त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. कारण गेल्या वर्षीं याच मांडवांत मीं तेंच केलें. कुंभारवाड्यांतल्या एका मुलीनें पावसावर गाणें रचलें होतें. चाल तिची, गळाही तिचाच. पण ती रंगानें काळी, हाडापेरानें थोराड. आणि तालुक्याचे पाहुणे येणार होते. मीं तिला पडद्याआड बसवून गावयास लावलें आणि पुढें एक नाजूक, गोरी मुलगी उभी केली. पाहुण्यांनीं खूष होऊन बक्षीस दिलें, तें पुढच्या मुलीला. मागची मुलगी माझ्याकडे न बघतां घरीं गेली. तिच्या बापानेंही मला कांहीं म्हटलें नाहीं. म्हटलें असतें तर बरें झालें असतें.

मिसीची हकीकत मात्र येथें संपली नाहीं. मैत्रिणींबरोबर तिनें सिस्टा नांवाचा मेळा काढला होता. त्यांचा गाण्यांचा संच १९९४ साली तयार होऊनही कंपनीनें अमेरिकेंत विक्रीला काढला नाहीं. तेव्हां मिसीनें आणि तिच्याच मुलखांतल्या टिमथी मोझली ऊर्फ टिंबालंड या सोबत्यानें दुसऱ्यांसाठीं गाणीं करण्याचा सपाटा लावला. १९९६ साली आलिया नांवाच्या तरुण गायिकेचा 'वन इन अ मिलियन' हा संच गाजला, त्यांतलीं बरींच गाणीं या दोघांचीं.

येथें धंद्यांतली एक गोष्ट ध्यानांत घ्या. गाण्यावर हक्क दोन असतात. शब्द आणि चाल रचणाराचा एक, आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. दुसरा हक्क बहुधा कंपनी स्वतःकडे ठेवते. पहिला रचणाराला मिळतो, पण कागदावर नांव लागलें असेल तर. सात-बाराच्या उताऱ्यावर नांव नसलेलें कूळ जन्मभर नांगर धरून शेवटीं बांधावरच उभें राहतें, तसाच हा प्रकार. मिसीनें नांव लावून घेतलें. इतकेंच नव्हे, तर इलेक्ट्रा कंपनीच्या प्रमुख सिल्व्हिया र्‍होन (ही बाईही काळ्या समाजांतलीच) हिच्याकडून तिनें कंपनीच्या आंत गोल्डमाइंड नांवाची स्वतःची शाखा मिळविली. तेव्हां तिचें वय २५.

जुलै १९९७ मध्यें तिचा स्वतःचा पहिला संच 'सूपा डूपा फ्लाय' निघाला आणि अमेरिकेंतल्या विक्रीच्या यादींत एकदम तिसऱ्या क्रमांकावर लागला. त्यांतल्या 'द रेन' या गाण्याच्या चित्रफितींत ती काय नेसून आली असेल? हवा भरून फुगविलेला काळा कुळकुळीत पोशाख, कचऱ्याच्या पिशवीसारखा! हवा भरण्यासाठीं पेट्रोल पंपावर जावें लागलें म्हणे. जाड म्हणून जिला आड ठेवली, ती आपल्या हातानें आणखी चौपट जाड होऊन पडदाभर उभी राहिली. मला तिचें हेंच कृत्य सर्वांत मोठें वाटतें.

तुंबीचें गाणें २००१ सालचें, 'गेट युअर फ्रीक ऑन'. त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळालें. २००२ सालच्या 'वर्क इट' या गाण्यांत ध्रुपदांतली एक ओळ म्हणून झाल्यावर तीच ध्वनिफीत उलटी फिरविली आहे. अर्थ नसलेलें तें उलटें बोलणें लोकांना तोंडपाठ झालें, आणि तें गाणें १० आठवडे दुसऱ्या क्रमांकावर राहिलें. मधल्या काळांत, ऑगस्ट २००१ मध्यें, आलिया विमान कोसळून वारली. 'वर्क इट' ज्या संचांत आहे त्या 'अंडर कन्स्ट्रक्शन'मध्यें तिची आठवण आहे. १९९७ ते २००५ पर्यंत एकूण सहा संच झाले. २००३ चा मला घाईचा वाटला.

सगळींच गाणीं शाळेंत लावण्यासारखीं नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. बाई देहाविषयीं उघड बोलते. तरी एक विचारतों. पुरुष शाहिरानें लावणींत बाईच्या तोंडीं घातलेलें आपण मान डोलवून ऐकतों. बाईनें स्वतः रचलें कीं आपले कान कां दुखतात?

२००८ साली तिला ग्रेव्हज नांवाचा गळ्यांतील ग्रंथीचा आजार निघाला. हात असा कांपे कीं लेखणी धरवेना. रचणाराच्या हातून लेखणीच सुटली! औषधपाण्यानें ती सांवरली. २०१५ साली तिनें फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांत मैदान गाजविलें. २०१९ साली गीतकारांच्या मानाच्या दालनांत रॅप करणाऱ्या बायकांपैकीं तिचें नांव पहिलें लागलें. तेंही गाणारीण म्हणून नव्हे, रचणारी म्हणून. २०२२ साली पोर्ट्समथमधील एका रस्त्याला तिचें नांव दिलें. २०२३ साली रॉक अँड रोलच्या दालनांत तिचा प्रवेश झाला, तेव्हां तिनें रंगमंचावरून सांगितलें कीं, माझ्या गाण्यांत शिवराळ शब्द असत म्हणून आईनें मला गातांना आजवर पाहिलें नव्हतें, आज प्रथमच पाहिलें. बसच्या फेरीचें निमित्त काढून जिनें तिला बाहेर आणलें, तीच ही आई.

बोलणें लांबलें. आतां मुलींचा कार्यक्रम आहे, आणि गेल्या वर्षींचें पावसाचें गाणें पुन्हां व्हावयाचें आहे. बक्षिसाच्या रकमेइतके पैसे मीं गेल्या महिन्यांत कुंभारवाड्यांत नेऊन दिले होते. त्या मुलीच्या आजीनें ते परत केले. म्हणाली, "गुरुजी, पैकं नगं. पोरीला म्होरं उभी करा." पडदा आज बांधलेला नाहीं. पुढच्या मुलांनो, जरा मागें सरका, तिला जागा द्या.