परिचारिकेची दृष्टि

बालरुग्णांच्या कक्षांत मुलाचें अंग पुसणें, कपडे बदलणें, वजन घेणें हीं कामें परिचारिकेचीं. त्यामुळें मुलाच्या सर्वांगाचें दर्शन बहुधा प्रथम तिलाच घडतें. शुश्रूषेच्या विद्यार्थिनीला मुलांचा छळ व हेळसांड ओळखावयास शिकविणें म्हणूनच अगत्याचें आहे.

वैद्यकशास्त्रालाही हें सत्य उमगावयास विलंब लागला. १९४६ सालीं अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनीं सहा अर्भकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मेंदूच्या आवरणाखालीं रक्त सांचलेलें, आणि हातापायांच्या लांब हाडांत मिळून २३ अस्थिभंग! आघाताची खूण उघड होती. तो झाला कसा, हें मात्र कळेना. जन्मदात्यांकडे बोट दाखविण्यास मन धजत नसावें. १९६२ मध्यें डेन्व्हर येथील हेन्री केंप व त्यांचे सहकारी यांनीं या अवस्थेला नांव दिलें, तेव्हां कोठें डॉक्टर मोकळेपणानें बोलूं लागले.

विद्यार्थिनीला पहिला धडा द्यावयाचा तो विसंगतीचा. धावत्या मुलाच्या गुडघ्यानडगीवर खरचटलेलें असावयाचेंच. पण तीन महिन्यांचें मूल कोठें धावतें? त्याच्या कानावर, मानेवर किंवा धडावर काळानिळा डाग दिसला, तर ‘पडलें असेल’ एवढ्या उत्तरानें समाधान मानूं नये. उलट, आपल्याकडील कित्येक अर्भकांच्या कंबरेवर जन्मतःच निळसर डाग असतात. ते माराचे म्हणून नोंदले गेले, तर निरपराध मातेवर केवढें किटाळ! डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हें ठरविण्याची जुनी संवयही सोडावी. तो अंदाज भरंवशाचा नाहीं.

हेळसांड ओळखणें याहून कठीण. दारिद्र्यामुळें दूध न मिळणें निराळें, आणि घरांत असून मुलाच्या तोंडीं न लागणें निराळें. वजन दोन्हीकडे सारखेंच घटतें. रुग्णालयांत पोटभर खाऊन तें झपाट्यानें वाढलें, तर प्रश्न घरच्या अन्नाचा असावा इतकेंच कळतें. पुढील चौकशीस पोलिसी बाणा उपयोगी नाहीं.

मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावे. ‘बाबांनीं मारलें का?’ असा सुचविणारा प्रश्न विचारूं नये. ‘कोणाला सांगणार नाहीं’ असें वचन तर मुळींच देऊं नये, कारण तें पाळतां येत नाहीं. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांस कळविणें २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानें बंधनकारक आहे, आणि न कळविणें हा गुन्हा आहे. संकटांतील मुलांसाठीं १९९६ मध्यें मुंबईंत सुरू झालेला १०९८ हा दूरध्वनि-क्रमांकही तिला पाठ असावा.

एवढें शिकूनही विद्यार्थिनी पुष्कळदां गप्प बसते. बाप सुशिक्षित, घर प्रतिष्ठित, आणि ती कक्षांत सर्वांत धाकटी! तिचें म्हणणें कोण ऐकणार? म्हणून शंका कोणापुढें मांडावयाची, तेथें दाद न लागल्यास कोणाकडे जावयाचें, हें तिला पहिल्याच दिवशीं सांगितलें पाहिजे. मूल घरीं धाडल्यावर नव्हे.