रिकाम्या जागेचा मान



कलेसाठी वास्तू उभारावयाची म्हटले की कोनशिला, संगमरवर आणि उद्घाटक या गोष्टी आधी ठरतात. आत काय घडावयाचे, हा प्रश्न मागाहून येतो. आन लाकातों आणि जां-फिलिप वासाल या फ्रेंच वास्तुविशारद जोडीने हा क्रम उलटा केला, म्हणून त्यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

१९८० नंतर वासाल काही वर्षे नायजर देशात नगररचनेचे काम करीत होते. तेथे नियामे शहरी वाळूच्या टेकडीवर दोघांनी गवताचे घर बांधले. दोन वर्षांच्या आत वाऱ्याने ते मोडले. थोडक्या साधनांत किती मोकळीक मिळते हे मात्र त्यांना उमगले. पुढे १९९६ मध्ये बोर्दो शहरातील एका लहान चौकाचे सुशोभन त्यांच्यावर सोपविण्यात आले. त्यांनी तेथे बसून पाहिले, रहिवाशांशी बोलणे केले आणि कळविले की, चौक आहे तसाच सुंदर आहे. खडी बदला, झाडांची निगा राखा, झाडलोट वेळच्या वेळी करा. सुशोभनाच्या नावाखाली माणसे उठविणाऱ्यांनी हा निर्णय अवश्य अभ्यासावा!

पॅरिसमधील ‘पाले द तोक्यो’ हा प्रासाद १९३७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभा राहिला. पुढे त्यातील संग्रहालय हलले, चित्रपटगृहांची एक योजना अर्धवट सुटली आणि आतून खरवडलेला सांगाडा मागे उरला. या दोघांनी सुमारे ३० लाख युरोंत सांगाडा मजबूत केला, वीज आणली, छतातून प्रकाश घेतला. गिलावा व सजावट यांवर खर्च केला नाही. त्यांच्यासमोर आदर्श होता मोरोक्कोतील माराकेशच्या जमा अल्-फना चौकाचा, जो सायंकाळी कथेकरी, कसरतपटू व खाद्यविक्रेत्यांनी भरतो आणि रात्री पुन्हा रिता होतो. जानेवारी २००२ मध्ये दारे उघडली, तीही दुपारी बारा ते मध्यरात्र. म्हणजे कामावरून सुटलेल्या माणसालाही जाता यावे अशी. २०१२ मध्ये त्यांनीच हा विस्तार २२ हजार चौरस मीटरपर्यंत नेला.

एक धोका सांगितलाच पाहिजे. अशी काटकसर शासनाला आयतेच निमित्त पुरवू शकते. कलावंतांना भग्न भिंती द्यावयाच्या आणि त्यालाच सौंदर्यदृष्टी म्हणावयाचे! परंतु या जोडीची काटकसर जागा आखडण्यासाठी नसते; वाचलेल्या पैशातून ती अधिक जागा देते.

डंकर्क बंदरातील काम माझ्या मते याचा उत्तम पुरावा. तेथील जहाजबांधणी १९८७ मध्ये बंद पडली आणि मागे जहाजांचे भाग जोडण्याची एक प्रचंड कार्यशाळा राहिली. तिच्या पोटात प्रादेशिक कलासंग्रह वसवावयाचा, अशी मागणी होती. गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले हे पाहिलेल्या आपणांस अशा मागणीचा शेवट ठाऊक आहे. लाकातों-वासाल यांनी कार्यशाळेला स्पर्श केला नाही. तिच्या शेजारी तेवढ्याच आकाराची, पारदर्शक, हलकी जुळी इमारत उभारली आणि संग्रह तीत ठेवला. २०१३ मध्ये ती खुली झाली. कामगारांची जुनी कार्यशाळा आजही रिकामी ठेवलेली आहे; एखादे अवाढव्य शिल्प वा गाण्याची मैफल काही दिवस तेथे येते, आणि उठून जाते.