माळरान 'पडीक' नव्हे



कांदिवलीत वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथे बसून वाळवंटाची कल्पना येणे कठीणच. महाराष्ट्रात थरसारखे वाळवंट नाही. परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माण, सांगोला, जत या तालुक्यांत जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. तेथील जीवांची राहणी वाळवंटातलीच. निवडुंग दिवसा आपली रंध्रे मिटून घेतो व रात्रीच्या गारव्यात कर्बवायू घेतो. काही बेडूक स्वतःला जमिनीत गाडून पहिल्या पावसाची वाट पाहतात. चिंकाराला पाल्यातील ओलाव्यावर बराच काळ निभावता येते. आणि धनगर बांधव दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. तग धरण्याचा हाही एक मार्गच.

माळढोकाला मात्र असा मार्ग नाही. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यासाठी 1979 साली नान्नज येथे अभयारण्य झाले. तरी आज तेथे हा पक्षी क्वचितच दिसतो. शिकार हे एक कारण. दुसरे असे की, दप्तरी माळरानाची नोंद 'पडीक' अशी होते; मग तेथे नांगर फिरतो, किंवा सद्‍हेतूने झाडे लावली जातात. गवतावर जगणाऱ्यास दाट झाडी उपकारक नसते. म्हणून गायरानावर वृक्षारोपणाचा ठराव करण्यापूर्वी पंचायतीने गावच्या मेंढपाळांना एकदा बोलावून घ्यावे.