सहाव्या महिन्याचा डोस

डायलिसिसच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती लसीला कमी प्रतिसाद देते. म्हणून हिपॅटायटिस बीची लस त्याला दुप्पट मात्रेत, ४० मायक्रोग्रॅम, देतात. सहसा सुरुवातीला, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. गंमत पाहा, हा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रात येतोच, तरी सहाव्या महिन्याचा डोस हुकू शकतो! रुग्णाला दोष देणं सोपं. पण आधी नोंदी पाहाव्यात: किती डोस हुकले, आणि का? लसीचं कार्ड घरी, लस दुसऱ्या विभागात, आठवण ठेवणं कुणाचंच काम नाही. मग एकच बदल करून बघायचा. समजा, पुढची तारीख डायलिसिसच्या कागदावरच लिहायची, जबाबदारी एका सिस्टरकडे द्यायची. महिन्याभराने हुकलेले डोस पुन्हा मोजायचे. आकडा हलला नाही, तर दुसरा उपाय. आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासायला विसरू नये.