कुंपणापलीकडचं मैदान

आज कृषी पदवी घेऊन घरी निघालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुम्हाला शेती शिकलेल्या एका खेळाडूची गोष्ट सांगायची आहे. कोल्बी स्लेटर त्याचं नाव, सोबती त्याला 'बेब' म्हणत. जन्म १८९६ चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. शिकला डेव्हिसच्या विद्यापीठ शेतावर. शेत सांभाळत शेती शिकायची, अशी ती जागा.

बर्कलीत तेव्हा रग्बीचे दिवस होते. अमेरिकी फुटबॉलमध्ये १९०५ च्या हंगामात मुलं जीवानिशी गेली, देशभर ओरड झाली, आणि स्टॅनफर्ड व बर्कली या विद्यापीठांनी १९०६ पासून तो खेळ सोडून रग्बी धरली. पुढे दहा-बारा वर्षांत दोघंही फुटबॉलकडे परतली. स्लेटरच्या हातात राहिला तो असा खेळ, ज्याला त्याच्या देशात फारसं कुणी विचारत नव्हतं. त्याने तो सोडला नाही. पहिल्या महायुद्धात सैन्यात जाऊन आला, आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला ८-० हरवणाऱ्या अमेरिकी संघात होता.

१९२४ ला ऑलिंपिकसाठी पॅरिसला जायचं ठरलं तेव्हा तो कर्णधार झाला. भाऊ नॉर्मनही संघात होता. बाकी बरीच पोरं फुटबॉल, बास्केटबॉलमधली. काहींनी तर आयुष्यात रग्बी खेळलेली नव्हती. समुद्रप्रवासाने गळाठलेला हा संघ बुलोन बंदराला लागला, तर अधिकारी उतरू देईनात. शेवटी पोरं धक्काबुक्की करून उतरली, आणि वर्तमानपत्रांनी त्यांना गुंड ठरवलं. पॅरिसमध्ये सरावाला धड मैदान मिळेना. तेव्हा हा संघ चालत कोलोंब स्टेडियमवर गेला, कुंपणावर चढून आत उतरला, आणि सराव करून आला. मला या माणसाच्या साऱ्या चरित्रात हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. सुवर्णपदकापेक्षाही मोठा. पुढे सरावाच्या वेळी खोलीतून त्यांचे पैसे आणि चीजवस्तू चोरीला गेल्या, तरी संघ फुटला नाही.

स्पर्धेत संघ तीनच. रुमानियाला अमेरिकेने ३७-० हरवलं. १८ मे रोजी अंतिम सामना फ्रान्सशी, त्यांच्याच घरी, हजारोंच्या गर्दीपुढे. फ्रान्सच हमखास जिंकणार, असं पैजा लावणारे धरून चालले होते.

तुमच्यातल्या कबड्डी खेळणाऱ्यांना पकड कशी असते हे सांगायला नको. फुटबॉलमध्ये तयार झालेली ही पोरं तशीच अंग झोकून पकड करत होती. फ्रान्सचा सर्वांत वेगवान गडी जोरेगी. त्याला एका पकडीत असा आडवा केला की रक्तबंबाळ अवस्थेत स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. प्रेक्षक खवळले. अमेरिकेच्या बाजूने ओरडणाऱ्यांना काठ्यांचा मार बसला. मैदानावर मात्र अमेरिकेने एकामागून एक पाच वेळा चेंडू रेषेपार नेऊन टेकवला. १७-३. राष्ट्रगीत वाजलं ते हुर्योच्या गदारोळात, आणि खेळाडूंना पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर काढावं लागलं.

मित्रांनो, त्याच संघातला ॲलन व्हॅलेंटाइन पुढे रॉचेस्टर विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. आज या व्यासपीठावर बसलेल्या कुलगुरूंना हे ऐकून बरं वाटेल. स्लेटर मात्र जिथून निघाला होता तिकडेच गेला. दोन सुवर्णपदकं घेऊन सॅक्रामेंटो खोऱ्यात शेती करत राहिला. रग्बी ऑलिंपिकमधून गेली ती गेलीच. १९६५ साली तो वारला, तोवर ती परतली नव्हती. २०१६ ला रिओत आली ती सात जणांची होऊन. पंधरा जणांच्या रग्बीत ऑलिंपिक जिंकणारा शेवटचा कर्णधार आजही तोच आहे, डेव्हिसच्या शेतावर शिकलेला बेब स्लेटर.