बोट कुठं ठेवलंस?



तामलवाडी हे माझं गाव. सोलापूरहून तुळजापूरला निघालात की वाटेत लागतं. कोजागरीच्या दिवसांत तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांची रांग आमच्या दारावरून जाते. समोरच्या चहाच्या टपरीवर मराठी, कानडी, तेलुगू आणि आमच्या घरातली दखनी, अशा चारही भाषा ऐकू येतात. इंग्रजी मात्र ट्रकच्या मागं आणि औषधाच्या बाटलीवरच दिसायची. अलीकडं ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. ती कशी आली, ते आज सांगणार आहे.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. एका संध्याकाळी ती पुस्तक घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बडे अब्बा, सब पढी, फिर भी समझ में नै आया." पुस्तक होतं एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेचं. त्यातला इंग्रजीचा भाग तिला अडला होता. आणि ती आली कुणाकडं? ज्यानं बी.ए.ला इंग्रजीचा पेपर जेमतेम काठावर काढला, आयुष्यभर दूध संस्थेत मराठीत लिखापढी केली आणि मराठीतच कविता लिहिल्या, त्याच्याकडं! पण घरात पुस्तकांचं कपाट माझ्याच खोलीत आहे. मुलांना वाटतं, कपाट आहे म्हणजे उत्तरही असेल.

ज्यांच्या घरात ही परीक्षा अजून आलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. देशातल्या भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आय.आय.एम., यांच्या प्रवेशासाठी 'कॅट' नावाची परीक्षा असते. या संस्थांपैकी पहिल्या दोन १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबादला निघाल्या. आपल्या राज्यात नागपूरला २०१५ पासून आहे, मुंबईला २०२३ पासून. २०२४ मध्ये ही परीक्षा पावणेतीन लाखांहून अधिक मुलांनी दिली. परीक्षेचे तीन भाग. पैकी इंग्रजी भाषेच्या भागाला चाळीस मिनिटं आणि त्या वर्षी प्रश्न चोवीस. त्यातले सोळा उताऱ्यांवरचे, उरलेले आठ वाक्यं जुळवणं, परिच्छेदाचा सारांश ओळखणं अशा प्रकारचे. बरोबर उत्तराला तीन गुण. पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं, तर एक गुण वजा. आपल्या राज्याची सी.ई.टी. वेगळी. तिथं दोनशे प्रश्नांपैकी पन्नास भाषेचे असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत.

आता आमचं अडलं कुठं, ते ऐका. सरावाच्या पुस्तकात एक उतारा होता, भूकंपात पडलेल्या दगडमातीच्या घरांवर. खाली प्रश्न, 'लेखकाला काय म्हणायचं आहे?' चार पर्याय. मुलीनं निवडलं, 'दगडाची घरं बांधू नयेत.' पुस्तकाच्या मागं उत्तर निराळंच होतं. ती चिडली होती. म्हणाली, "दगडाच्या घरांनी माणसं मारली, हे तर आपल्या जिल्ह्यात लहान मुलालाही माहीत आहे."

खरंच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखालीच ती सापडली. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. सास्तूरला मदतीला गेलो होतो. परत आलो तेव्हा माझ्या आईनं तिची बाज माळवदाखालून काढून अंगणात टाकली होती. पुढं कित्येक महिने ती घरात झोपली नाही. ही मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती, पण आजीची ती भीती तिला वारशात मिळाली होती.

मी तिला म्हटलं, "मला इंग्रजी येत नाही असं समज. तूच मला एकेक वाक्य मराठीत सांग." ती सांगू लागली. लेखक म्हणत होता, भिंतीला बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे माती आणि चिपा. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नसेल, तर हादऱ्यानं थर सुटतात आणि भिंत फुटते. असे दगड घातले, वर पट्टा बांधला, छपराचं ओझं कमी केलं, तर दगडाचं घरही तग धरू शकतं. मी विचारलं, "मग दगडाची घरं बांधू नयेत, हे कोणत्या वाक्यात आहे? त्यावर बोट ठेव."

ती वर गेली, खाली आली. बोट ठेवायला जागा सापडेना. मग हळूच म्हणाली, "हे तर दादीचं म्हणणं आहे. लेखकाचं नाही. तो म्हणतोय, दोष दगडाचा नाही, बांधणीचा आहे."

त्या दिवसापासून आमच्या अभ्यासाचं एकच सूत्र झालं. बोट कुठं ठेवलंस? उत्तर खरं आहे की खोटं, तुला पटतं की नाही, हा प्रश्नच नाही. ते उताऱ्यात आहे का, किंवा उताऱ्यातून निघतं का, एवढंच बघायचं. 'केवळ', 'नेहमी', 'कधीच' अशा टोकाच्या शब्दांपाशी थांबायचं आणि लेखक खरंच इतका टोकाला गेलाय का, हे तपासायचं. प्रत्येक उतारा वाचून झाला की त्याचं सार मराठीत एका वाक्यात लिहायचं, मगच पर्यायांकडं बघायचं. आधी पर्याय वाचले, तर चारही खरे वाटू लागतात.

वाक्यं जुळवण्याच्या प्रश्नाला आम्ही मराठीतूनच सुरुवात केली. वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाचा एक परिच्छेद कात्रीनं कापायचा, चिठ्ठ्या मिसळायच्या आणि पुन्हा लावायच्या. गझलेचे शेर मागं-पुढं केले तरी चालतात, कारण प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो. परिच्छेदात मात्र प्रत्येक वाक्यानं मागच्याचा हात धरलेला असतो. 'मात्र'नं सुरू होणारं वाक्य पहिलं येणार नाही. 'दुसरं कारण' आलं, म्हणजे पहिलं कारण आधी कुठंतरी असलं पाहिजे. 'तो' म्हटलं, तर तो कोण हे आधी सांगितलेलं असणार. आठ दिवसांत ती चिठ्ठ्या भराभरा लावू लागली. मग हेच इंग्रजीत केलं. भिंतीतले आरपार दगड तिला वाक्यांतही दिसू लागले.

शब्दांच्या याद्या तिनं पाठ करायला घेतल्या होत्या, त्या मी थांबवल्या. पाठ केलेला शब्द एकटा असतो, घाईत ओळख देत नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख वाचायचा आणि अडलेला शब्द त्याच्या वाक्यासकट वहीत उतरवायचा. घड्याळ लावून चाळीस मिनिटं बसायचं. जो उतारा दोनदा वाचूनही उघडत नाही, तो सोडून पुढं जायचं. सोडणं हे तिला सगळ्यात अवघड गेलं. आपल्याकडच्या मुलींना ताटात काही टाकायचं नाही हे शिकवलेलं असतं. पेपरातही त्या काही टाकत नाहीत.

श्रोतेहो, इथवरची गोष्ट सांगायला मला आवडतं. पुढची सांगायला आवडत नाही, पण ती सांगितल्याशिवाय ही अर्धीच राहील.

२००९ मध्ये ही कॅट परीक्षा पहिल्यांदा संगणकावर झाली. त्याच वर्षी माझ्या मधल्या भावाचा मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. तो परीक्षेची माहिती घेऊन माझ्याकडं आला. विचारलं, "बडे अब्बा, इंग्रजी जमेल का मला?" ओट्यावर चार माणसं बसली होती. मी कवी माणूस, टाळीची सवय. मी म्हणालो, "इंग्रजी ही साहेबाची खुर्ची आहे. आपण सतरंजीवर बसणारी माणसं. खुर्चीवरून पडशील." सगळे हसले. तोही हसला. कागदाची घडी करून त्यानं खिशात घातली आणि पुन्हा कधी काढली नाही. आज तो हायवेवर टायरचं दुकान चालवतो. दुकान चांगलं चालतं. पण त्यानं विचारलं होतं, आणि मी शेर ऐकवला होता.

मी हे का बोललो, याचा नंतर पुष्कळ विचार केला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. 'अर्ज', 'हजर', 'कागद', 'दप्तर' हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीच्या घरचे झाले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी यातले कितीतरी शब्द लोकांच्या तोंडी राहिलेच. हे सगळं मी व्यासपीठावरून सांगत आलो. मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, असं कुणी विचारलं की मी ताठ मानेनं उत्तर देतो, भाषा कुणा एकाची नसते. आणि माझ्याच पुतण्याला मी सांगितलं होतं की इंग्रजी त्याची नाही. मला इंग्रजीची भीती होती. तिला मी स्वाभिमानाचे कपडे घालून लोकांत फिरवत होतो.

पुतणीनं नोव्हेंबरात कॅट दिली. गणितानं खाली ओढलं, आय.आय.एम.चं बोलावणं आलं नाही. पण तीन भागांत तिला सर्वांत चांगले गुण भाषेत होते. सी.ई.टी.वर पुण्याच्या एका महाविद्यालयात तिला प्रवेश मिळतो आहे. शैक्षणिक कर्जाचे कागद अजून फिरताहेत. तिच्या अब्बांनी ठरवलंय, कर्ज उशिरा झालं तर जनावर विकू, पण मुलगी जाईल.

गेल्या महिन्यात तिची पुस्तकं बांधून ठेवत होतो, तेव्हा टायरवाला पुतण्या आला. मी त्याला बसवलं आणि म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मी चुकलो. सगळ्यांसमोर चुकलो." तो म्हणाला, "जाऊ द्या बडे अब्बा, किती वर्षं झाली." थोडा वेळ गेला. मग त्यानं गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक काढलं, पँटला हात पुसले आणि एक उतारा वाचू लागला. सावकाश, ओठ हलवत. मी घड्याळ लावलं नाही. शेवटी त्यानं एका पर्यायावर खूण केली. मी विचारलं, "बोट कुठं ठेवलंस?"

त्यानं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बरोबर होतं.

तुमच्याही घरात कुणी पोर असाच एखादा कागद घेऊन येईल. तुम्हाला त्यातलं काही येत नसलं, तरी हरकत नाही. शेजारी बसा आणि विचारा, बोट कुठं ठेवलंस? शेर नंतर ऐकवता येतो.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)